चार आकड्यांचं थांबणं

भाषणात एखाद्या मान्यवराचं नाव घ्यायचं राहिलं, तर धनेटाकळीत तो अपमान समजतात. आणि एकाचं घेऊन दुसऱ्याचं राहिलं, तर ते राजकारण समजतात. म्हणून तिथं बोलायला उभा राहिलेला माणूस आधी नावं घेतो. चेअरमन, व्हाइस चेअरमन, संचालक, माजी संचालक, संचालकांचे व्याही, आणि व्याह्यांच्या जीपमध्ये जागा होती म्हणून आलेले कुणी अनोळखी गृहस्थ. प्रत्येकाच्या आधी 'आदरणीय' नाहीतर 'आपल्या सर्वांचे लाडके'. नमनालाच घडाभर तेल जातं आणि मूळ विषयाला जेमतेम दोन थेंब उरतात. लोकांचीही त्याला ना नसते. मूळ विषय त्यांना घरूनच ठाऊक असतो.

या विद्येत जालिंदर ओव्हाळचा हात धरणारा केज तालुक्यात कुणी नव्हता. गावच्या सहकारी दूध संस्थेत तो दुधाचं माप घेई आणि फॅट काढी. लोकांच्या दुधातलं पाणी दोन्ही वेळेला ओळखायचं आणि ते तोंडावर न म्हणता नुसता आकडा सांगायचा, अशी ती नोकरी. दिवसभर जीभ आवरून धरणाऱ्या या माणसाच्या हातात माईक आला की मात्र आवरत नसे. चौदा एप्रिलची जयंती असो, संस्थेची वार्षिक सभा असो की कुणा मास्तरची सेवानिवृत्ती, जालिंदर पस्तीस नावं एका दमात घेई आणि एकालाही दुसऱ्याचं विशेषण लावत नसे. चेअरमन सर्जेराव खूश होऊन म्हणायचे, "नावं घ्यावीत तर जालिंदरनं."

हे सगळं बिघडलं ते दोन हजार दहाच्या दिवाळीत. अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा दिल्लीला आले आणि संसदेत बोलले. जालिंदरकडं तेव्हा नवाच टीव्ही आला होता. इंग्रजी घरात कुणालाच येत नव्हतं, पण सगळा देश बघतोय तर आपण का मागं राहायचं, म्हणून जालिंदर, त्याची बायको सत्यभामा आणि आई दगडाबाई अशी तिघं बसली होती. त्या न कळणाऱ्या बोलण्यातून मध्येच एक नाव सुटं होऊन कानावर आलं. आंबेडकर. दगडाबाईनं चटकन डोक्यावर पदर ओढला. दीक्षेच्या साली ती आठ वर्षांची होती, आणि त्याआधी विहिरीवर कुणीतरी उंचावरून ओंजळीत सोडलेलं पाणी ती प्यायली होती.

"आपल्या बाबाचं नाव घेतलं का रं त्यानं?" तिनं विचारलं.

"व्हय, आये."

"तिकडं दिल्लीत? समद्यांम्होरं?"

"व्हय."

म्हातारी रडली. जालिंदरही रडला, पण रडता रडता त्याचं लक्ष भलतीकडंच गेलं. हा माणूस सारखा थांबत होता. एक वाक्य बोलायचा, थांबायचा. डावीकडं बघायचा, दुसरं वाक्य. उजवीकडं बघायचा, आणि पुन्हा गप्प. एवढा मोठा माणूस, पाठीशी आगबोटीएवढी विमानं, आणि बोलायला घाई म्हणून नाही. सुरुवातीला तर त्यानं नावंच घेतली नाहीत. चार पदांचा उल्लेख केला, देशातल्या लोकांना हाक मारली आणि सुरू. जालिंदरला वाटलं, आपण आजवर बोललो ते बोलणं नव्हतं, ती नुसती हजेरी होती.

पुढं तो केजला गेला तेव्हा मोबाईलच्या दुकानात ते भाषण त्यानं आपल्या फोनवर घालून घेतलं. ते त्यानं किती वेळा बघितलं याला सुमार नाही. अर्थ कळत नव्हता, ते एका परीनं बरंच झालं. अर्थाची अडगळ नसल्यामुळं ढब तेवढी स्वच्छ दिसायची. चिमटीत मीठ धरावं तसा धरलेला हात. वाक्याच्या शेवटी खाली येणारा आवाज. आणि थांबणं. थांबण्याची लांबी जालिंदरनं मोजून काढली : मनातल्या मनात एक, दोन, तीन, चार म्हणावं, तेवढी. शाळेतल्या एका मास्तरांनी त्याला सांगितलं, की अध्यक्षांच्या दोन्ही बाजूंना त्या काचा उभ्या आहेत ना, त्यांवर भाषण लिहून येतं. माणूस वाचतो आणि समोरच्याला दिसत नाही. हे ऐकून जालिंदर दोन दिवस नीट जेवला नाही. वाचून दाखवायचं तर मग पोटातून आलं काय? तिसऱ्या दिवशी त्याचं त्यानंच मन वळवलं. वाचतोय हे कळू न देणं हीच खरी कला, असं त्यानं ठरवलं आणि साबणाच्या खोक्याचे दोन पुठ्ठे कापले.

त्या पुठ्ठ्यांवर मोठ्या अक्षरांत वाक्यं लिहून तो शेळ्यांच्या छपरात उभा राही. डाव्या हाताला सत्यभामा पुठ्ठा धरी, उजव्या हाताला दगडाबाई. दगडाबाईला अक्षरओळख नव्हती. ती पुठ्ठा हमखास उलटा धरायची.

"आये, उलटं हाय त्ये."

"मला काय कळतंय? तुझं तूच वाच." आणि तो चार आकडे थांबला, की म्हातारीला काळजी वाटायची. "काय आठवतोयस रं? इसरलास का?"

"इसरलो न्हाई, आये. थांबलोय."

"थांबून काय हुतंय?"

याचं उत्तर जालिंदरलाही नीट माहीत नव्हतं. थांबल्यानं काहीतरी होतं एवढं खरं, कारण टीव्हीत झालं होतं.

मग दोन हजार तेराचा उन्हाळा आला. त्याआधीच्या दोन पावसाळ्यांनी तोंड फिरवलं होतं. संस्थेत रोज अकरा कॅन दूध जमायचं, ते दोन कॅनवर आलं. जालिंदरला काम राहिलं नाही, आणि लोकांनाही दुधात घालायला पाणी राहिलं नाही. गावाला दिवसाआड टँकर यायचा आणि गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा. जालिंदरची बौद्ध वस्ती तिथून पाऊण मैलावर. टँकरचा आवाज वस्तीत पोचे, बाया हंडे घेऊन धावत निघत, आणि पोचेपर्यंत गाव भरून घेऊन मोकळं झालेलं असे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, असं म्हणतात. इथं आडात असायचं, पण वस्तीचा पोहरा जाईपर्यंत नसायचं. तळाचा गाळ घरी आणायचा, फडक्यानं गाळायचा आणि निवळायची वाट बघायची. त्या गाळानं उन्हाळ्यात दोन पोरं दवाखान्यात नेली होती. वस्तीवर एक टाकी ठेवा आणि टँकर आधी तिथं आणा, एवढंच वस्तीचं मागणं होतं. तीन अर्ज दिले होते. ते कुठं गेले कुणास ठाऊक.

त्यातच दूध संस्थेनं गावाबाहेर जनावरांची चारा छावणी सुरू करायचं ठरवलं. उद्घाटनाला तहसीलदार यायचे होते. पशुपालकांच्या वतीनं मनोगत कुणी व्यक्त करायचं, असा प्रश्न निघाला तेव्हा सर्जेराव म्हणाले, "जालिंदर हाय की. नावं बी घेईल."

वस्तीवर ही बातमी पोचली आणि माणसं जालिंदरच्या दारात जमली. तहसीलदार समोर असताना आपला माणूस माईकवर, असा योग पुन्हा यायचा नव्हता. शेजारची बायनाबाई तर स्वच्छ म्हणाली, "जालिंदर, छावणीचं काय बोलायचं ते बोल. पर टाकीचं बोल्ल्याशिवाय खाली उतरू नको."

"बोलतो, मावशे," जालिंदरनं शब्द दिला.

सत्यभामा भाकरी थापत होती. ती म्हणाली, "अवं, 'वस्तीवर टाकी द्या', एवढंच हाय की त्ये. म्या थापता थापता म्हणीन."

"तसं म्हणून हुत न्हाई," जालिंदर म्हणाला. "अर्जात तसंच म्हणलं हुतं." आणि यात त्याचं काही चुकत नव्हतं.

चार दिवस तो छपरात घोकत होता. नावं घ्यायची नाहीत, पदं तेवढी घ्यायची. मग चार वाक्यं. एक डावीकडं, एक उजवीकडं, प्रत्येकानंतर चार आकडे. शेवटच्या वाक्याच्या मधोमध सगळ्यात मोठं थांबणं, कारण अध्यक्ष तसं करतात. आणि मग टाकी. पुठ्ठे सोबत न्यायचे नव्हते, सगळं तोंडपाठ होतं. चौथ्या दिवशी शेळ्यासुद्धा त्याच्या थांबण्याला सरावल्या होत्या.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी अकरालाच ऊन असं होतं की मांडवाचं कापड गरम लागत होतं. व्यासपीठावर मधोमध तहसीलदार, शेजारी चेअरमन सर्जेराव. आधीचे चेअरमन मोहनराव यांची खुर्ची दुसऱ्या रांगेत मांडली होती. ते बघून मोहनराव वर चढलेच नाहीत. आपल्या दहा-बारा माणसांना घेऊन ते समोर, जालिंदरच्या उजव्या हाताला पडेल अशा पहिल्या खुर्चीवर जाऊन बसले. डाव्या हाताला सर्जेरावांची माणसं. संस्थेची निवडणूक सहा महिन्यांवर होती, दोघांची ताकद तोलून पाहिली तर सारखी भरायची, आणि वस्तीवर संस्थेचे एकवीस सभासद होते. हे सगळं गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जालिंदरलाही होतं. पण त्या दिवशी त्याच्या डोक्यात दुसरा देश होता.

त्याचं नाव पुकारलं. तो उठला, माईकपाशी आला.

"तहसीलदारसाहेब, चेअरमनसाहेब," तो म्हणाला, "आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, समोर बसलेल्या लोकांनो."

नावांची वाट बघत सैल बसलेला मांडव दचकला. संचालक एकमेकांकडं बघू लागले. सर्जेरावांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्यातला जीव गेला.

जालिंदरनं डावीकडं बघितलं. "आज आपल्या जनावरांना चारा मिळाला." एक, दोन, तीन, चार. मग उजवीकडं. "आज आपल्या जनावरांना पाणी मिळालं." एक, दोन, तीन, चार. उजवीकडं मोहनराव बसले होते. ते खुर्चीत ताठ झाले. आपल्याकडं टक लावून हा असा का बघतोय, हे त्यांना कळेना.

डावीकडं. "जनावरं बोलत नाहीत, तरी सरकारला त्यांची तहान कळली." चार आकडे. मांडवात चिडीचूप. तहसीलदारांनी कागदातून डोकं वर काढलं. बायांच्या बाजूला बायनाबाईनं सत्यभामाचं मनगट घट्ट धरलं.  थांबण्यानं काय होतं ते जालिंदरला पहिल्यांदा कळत होतं.

उजवीकडं. हात चिमटीत. "आणि वस्तीवरच्या माणसाला…"

इथंच ते मोठं थांबणं होतं. एक. दोन. तीन. चार. पाच.

केजहून आलेला माईकवाला मुंजाजी मांडवाच्या खांबाला टेकून डुलकी घेत होता. वीस वर्षांच्या धंद्यात त्याला एकच गोष्ट कळली होती : आवाज बंद झाला म्हणजे वायर सुटली. त्याला खाडकन जाग आली. तो धावत आला, जालिंदरपुढचा माईक उपसून घेतला, फुंकर मारली आणि सगळ्या छावणीला ऐकू जाईल असं म्हणाला, "हॅलो. हॅलो. माईक चेक."

मांडव हसला. सूत्रसंचालक तयारच होता. नावं न घेतल्यामुळं गेलेला तोल त्याला कसाही करून सावरायचा होता. "धन्यवाद जालिंदरजी! यानंतर आपल्या सर्वांचे लाडके, आदरणीय…" टाळ्या पडल्या. जालिंदर तोंड उघडं ठेवून उभा राहिला. कुणीतरी त्याच्या खांद्याला धरून प्रेमानं बाजूला केलं. टाकी त्याच्या जिभेवरच राहिली.

वस्तीवर त्या दिवशी कुणी त्याच्याशी धड बोललं नाही. "ऐन टायमाला कच खाल्ली," एक जण म्हणाला. दुसरा त्याहून शहाणा. त्यानं विचारलं, "कच खाल्ली का पेढा खाल्ला?" बायनाबाई काही न बोलता दारावरून गेली, आणि ते जालिंदरला सगळ्यात जास्त लागलं.  सत्यभामा ताट सारत एवढंच म्हणाली, "म्या म्हणलं हुतं. एकच वाक्य हुतं." तो पुन्हा पुन्हा फोन काढून ते भाषण बघत होता. तिथंही माणूस थांबत होता, आणि कुणी त्याचा माईक ओढून नेत नव्हतं. आपलं नेमकं चुकलं कुठं, याचा त्याला पत्ता लागेना.

तिसऱ्या दिवशी सर्जेरावांनी त्याला संस्थेच्या ऑफिसात बोलावलं. दार लोटून घेतलं.

"आमचं नाव घेतलं न्हाई," सर्जेराव म्हणाले.

"अण्णा, कुणाचंच घेतलं न्हाई म्या."

"त्येच म्हणतो. आमचं न घेता त्याचं घेतलं असतंस, तर उघड झालं असतं. तू हुशार हायेस." ते पुढं वाकले. "वस्तीवरच्या माणसाला… पुढं काय? मोहनरावाकडं बघून काय म्हणायचं हुतं तुला?"

नोकरी जाते की काय, अशी जालिंदरला भीती वाटली. त्याला सांगायचं होतं की उजवीकडं बघायची ती रीत आहे, उजवीकडं शेळी असती तर शेळीकडं बघितलं असतं. पण हे सांगायचं कसं, तेच सुचेना. तो गप्प उभा राहिला. सर्जेरावांना ती शांतता सोसेना.

"बरं, नको सांगू," ते घाम पुसत म्हणाले. "त्यानं काय कबूल केलंय, एवढं सांग."

"कायबी न्हाई, अण्णा. आईशपथ."

"म्हंजे बोलणी चालू हायत." सर्जेरावांनी मान हलवली. "वस्तीला पायजे तरी काय?"

"टाकी."

"टाकी? नुसती पाण्याची टाकी?" सर्जेरावांचा विश्वास बसेना. एवढ्याशा गोष्टीसाठी एवढं मोठं राजकारण, म्हणजे आत आणखी काहीतरी खोल असणार, असं त्यांना वाटलं. पण टाकी देणं स्वस्तात सुटणं होतं. "देतो. मंगळवारी आणतो. टँकरचा कागद बी करून घेतो."

जालिंदर बाहेर पडला तो गोंधळलेला. आनंद व्हायला हवा होता, पण तो नक्की कशाचा, ते ठरेना. मारुतीच्या पारापाशी मोहनरावांनी मोटरसायकल आडवी घातली.

"तू माझ्याकडं बघून बोललास, समदं समजलं," मोहनराव खाली आवाजात म्हणाले.

"अवो, म्या उजवीकडं बघत हुतो. डाव्या अंगाला बी बघितलं की."

"तिकडं दम दिलास, हिकडं हाक मारलीस. समजलं म्हणलं ना. माईक बंद करवला त्यांनी, त्ये बी बघितलं. मंगळवारी वस्तीवर टाकी पोच करतो. माझ्याकडून."

"पर अण्णांनी तर…"

"कायबी बोलू नको. तू न बोलताच चांगला बोलतोस बे," असं म्हणून मोहनरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि ते गेले.

दोघांनाही जालिंदरनं खरं तेच सांगितलं होतं. आता घरी जाऊन त्यानं तेच खरं वस्तीला सांगितलं, आणि तिथंही कुणाचा विश्वास बसला नाही. न मागता टाकी येते का कुठं? आणि ती पण दोन? "दोनी डगरींवर पाय ठिवलाय गड्यानं," लोक म्हणाले. जालिंदरला वाटलं, आयुष्यभर खोटी विशेषणं लावली ती लोकांनी खरी मानली, आणि आता एकदाच नागडं खरं सांगतोय तर कुणी ऐकून घेत नाही.

मंगळवारी दुपारी बारा वाजता वस्तीच्या तोंडाशी दोन काळ्या टाक्या एकमेकींपासून दहा पावलांवर उभ्या होत्या. एकीवर पांढऱ्या रंगात सर्जेरावांचं नाव, दुसरीवर मोहनरावांचं. रंग अजून ओला होता. एकीपाशी सर्जेराव नारळ घेऊन, दुसरीपाशी मोहनराव नारळ घेऊन. दोघांची माणसं मागं. मध्ये वस्तीच्या बाया, रिकाम्या हंड्यांची रांग लावून.

टँकर आला. ड्रायव्हर राधाकिशन मांजरसुंब्याचा, गावाच्या भानगडीशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्यानं खाली उतरून कागद काढला, दोन टाक्या बघितल्या आणि डोकं खाजवलं.

"कागदात एकच टाकी हाय. कुणाच्यात वतू?"

"हिच्यात," सर्जेराव म्हणाले.

"हिच्यात," मोहनराव म्हणाले.

"एकानं सांगा. पाच मिंटं थांबतो, न्हाईतर हे पाणी पुढच्या गावाला नेतो. माझ्या अजून तीन खेपा हायत."

सगळ्यांच्या माना जालिंदरकडं वळल्या. "जालिंदर, तूच सांग," सर्जेराव म्हणाले. "सांग की, तुझ्या मनात कोन हाय?" मोहनराव म्हणाले. एकाचं नाव घ्यावं तर दुसरा जन्माचा वैरी. सर्जेरावांच्या हातात नोकरी, मोहनरावांच्या हातात उद्याची निवडणूक. नाव घ्यावं तरी फसला, न घ्यावं तरी पाणी चाललं पुढच्या गावाला. पस्तीस नावं एका दमात घेणाऱ्या माणसाला एक नाव घेता येईना. त्यानं डावीकडं बघितलं. उजवीकडं बघितलं. हात आपोआप चिमटीत आला आणि तसाच राहिला. एक. दोन. तीन. चार. पुढं काय म्हणायचं ते कुठल्याच पुठ्ठ्यावर लिहिलेलं नव्हतं. पाच. सहा. राधाकिशननं घड्याळ बघितलं आणि तो टँकरच्या दाराकडं वळला. सात. आठ.

"ए डायवर."

आवाज बायांच्या रांगेतून आला. दगडाबाई हंडा घेऊन पुढं आली होती. तिनं नेम धरून तो टँकरच्या नळीखाली ठेवला.

"सोड पाणी."

"आजी, टाकीत वतायचा कागद हाय."

"कागद तुझ्यापाशी ठिव. आदी बायांचे हंडे भर. मंग ह्या टाकीत निम्मं वत, त्या टाकीत निम्मं वत."

"दगडाबाई, जरा नाव तर बघा टाकीवरचं," सर्जेराव म्हणाले.

म्हातारीनं दोन्ही टाक्यांकडं आळीपाळीनं बघितलं. डावीकडं, मग उजवीकडं. बघून झाल्यावर ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाचता येत न्हाई, सर्जेराव. मला दोनी काळ्याच दिसत्यात."

आधी बायनाबाई हसली. मग सगळ्या बाया हसल्या. सत्यभामानं आपला हंडा सासूच्या हंड्याला लावून ठेवला, तिच्यामागं दुसरीनं ठेवला, आणि राधाकिशननं कागदाची घडी करून खिशात घातली. नळी सुटली. बोलायला तोंड उघडलेले दोन्ही पुढारी पाण्याच्या आवाजानं गप्प झाले. थोड्या वेळानं दोघांनी आपापल्या टाकीवर एकाच वेळी नारळ फोडला, कारण दुसऱ्याच्या आधी निघून जाणं दोघांनाही परवडणारं नव्हतं. त्याच कारणानं पुढं कुणालाही आपली टाकी परत नेता आली नाही.

जालिंदर तिथंच उभा होता. हात अजून चिमटीत होता. तो त्यानं हळूच खाली घेतला. नोकरी राहिली. त्या उन्हाळ्यात वस्तीवर गाळ गाळायची वेळ पुन्हा आली नाही. गावानं त्याचं नाव ओबामा पाडलं, आणि त्या दोन टाक्या त्यानं कसा डाव टाकून मिळवल्या याच्या चार वेगवेगळ्या हकिकती केजच्या बाजारापर्यंत गेल्या. त्यांतली एकही खरी नव्हती, आणि खरी कोणती ते त्यालाही सांगता येत नव्हतं. पुढं सभांमध्ये तो पुन्हा सगळ्यांची नावं घेऊ लागला.

पण त्या मंगळवारी दिवस मावळताना तो आईपाशी जाऊन बसला. ती निवळ पाणी माठात ओतत होती, एक थेंबही सांडू न देता.

"आये, एवढ्या लोकांत तू बोललीस कशी गं? कधी बोलली न्हाईस."

"कवा बोलनार? सारखं कुनीतरी बोलतच असतंय." तिनं माठावर झाकण ठेवलं. "आज तू गप बसलास. मंग म्हनलं, आता आपला नंबर आला."

जालिंदरनं रिकामा झालेला हंडा बाजूला सारला. म्हातारीच्या मनात आणखी काहीतरी घोळत होतं.

"त्यो टीव्हीतला तुझा सायेब. त्यो थांबायचा, तवा म्होरले लोक काय बोलायचे रं?"

जालिंदरनं आठवून बघितलं. शंभर वेळा बघितलेलं भाषण होतं. "बोलायचे न्हाईत. टाळ्या वाजवायचे."

"कुनीच न्हाई बोललं?"

"न्हाई."

"मंग वाया गेलं की त्याचं थांबणं," दगडाबाई म्हणाली, आणि दुसरा हंडा तिनं माठाजवळ ओढला.